दीपकाडीच्या बाटल्या

परवा परळच्या दवाखान्यात नर्सने माझ्या दंडाला स्पिरिट चोळलं आणि त्या वासासरशी मला कॉलेजची प्रयोगशाळा आठवली.

कोकणच्या सड्यावरची, म्हणजे उघड्या कातळावरची, पांढऱ्या फुलांची दीपकाडी नाहीशी होत चालली होती. तिच्या कंदाचे तुकडे बाटल्यांत वाढवून मी दोन वर्षांत चाळीस रोपं केली. प्रयोगशाळेच्या सरांनी बघायला आलेल्या पाहुण्यांना ती स्वतःची म्हणून दाखवली. माझ्याकडे बोट करून म्हणाले, "ही बाटल्या धुते. चाळीतली आहे, पण स्वच्छ असते हं."

पाहुणे हसले. मीही हसले.

त्या बाटल्यांना बाहेरची हवासुद्धा चालत नसे. दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी एकेक झाकण काढलं, आत श्वास सोडला आणि झाकण परत लावलं. आठवड्याभरात काळी बुरशी चढली. सर डोकं धरून बसले, "सगळं गेलं गं!" मला इतकं बरं वाटलं, की घरी जाताना मी पेढे घेतले.

सरांबद्दल आजही वाईट वाटत नाही. पण गेल्या वर्षी, जिथून कंद आणले होते त्या सड्यावर गेले, तर तिथे चिऱ्यांची खाण होती. वाटेतल्या एका म्हातारीला मी दीपकाडीचं विचारलं.

"कसला फूल गो?" ती म्हणाली.