बिननावाचा फॉर्म

इथे आखातात, अदलियातल्या आमच्या ऑफिसात तेव्हा एकच मोहीम चालू होती, 'तुमचं खासगी आयुष्य, तुमचा हक्क'. खर्च सगळा कॅमेरे विकणाऱ्या एका कंपनीचा. हसू नका. आम्हीही हसलो नव्हतो, पगार वेळेवर होत होता.

लोकांच्या तक्रारी लिहून घ्यायच्या, नाव मात्र विचारायचं नाही, असा तो फॉर्म. शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात मी टेबल मांडलं. आमच्या वसईचीच मैत्रीण, एका हॉटेलच्या लाँड्रीत कामाला, समोर येऊन बसली. तिला इंग्रजी लिहिता येत नव्हतं.

"आमच्या राहायच्या खोलीत कॅमेरा लावलाय गो. कपडे बदलायला संडासात जावं लागतं. पण नको, लिहू नको. नोकरी गेली तर आईचं डायलिसिस कोण करणार?"

"अगो, नाव कुठे मागतायत?" म्हणत मी झरझर लिहूनही टाकलं. वर कोपऱ्यात तिच्या रेसिडेंट आयडीचा नंबर घातला. फॉर्मवर त्याला जागासुद्धा नव्हती! पण इथे बारा वर्षं काढलेला हात नंबराशिवाय थांबत नाही. सलमानियातल्या सरकारी इस्पितळाच्या केसपेपरापासून बँकेपर्यंत, नंबर नसलेला कागद परत येतो. तिनेही मुकाट्याने कार्ड पुढे केलं होतं.

फॉर्म कंपनीकडे गेले. त्या हॉटेलातले कॅमेरे त्याच कंपनीचे निघाले. गिऱ्हाईक दुखावू नये म्हणून कंपनीने कागद हॉटेलला दाखवला. आठवड्यात तिचा व्हिसा कॅन्सल.

मी साहेबांकडे धावले. ते म्हणाले, "नंबर आपण मागितला होता का? मग? खलास." मेल्याच्या तोंडावर राजीनामा फेकावा असं वाटलं. फेकला नाही. दुसऱ्या दिवशी मोहिमेचे नवे बॅनर मीच लावून घेतले.

एअरपोर्टवर सोडायलाही मीच गेले. ती रडत नव्हती, धुमसत होती.

"माझ्या खोलीतली ती सटवी, तीच चुगली करून आली. मेलीच्या जिभेला किडे पडोत! तुझ्या फॉर्मवर तर नावही नव्हतं. दुसरं कोण सांगणार?"

मी तिची बॅग ट्रॉलीवर चढवली.

"तीच असेल," मी म्हटलं. "मला ती पहिल्यापासून आवडली नव्हती."

त्या बाईला मी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं.