लाल दोऱ्याच्या नळ्या

आमच्या सरांइतका संशयी आणि आमच्या सरांइतका भोळा माणूस अख्ख्या दिल्लीत दुसरा नसेल. चहा गोड आहे हे कबूल करायलाही त्यांना शेजारी बिनसाखरेचा कप लागायचा. मी त्यांच्या प्रयोगशाळेत काचसामान धुवायला होते. शाळा सातवीतच सुटलेली, नवरा फौजेत, आणि त्याची बदली सीमेवर झाल्यावर मुलीच्या शाळेसाठी मी इथे मागे राहिलेली. पहिल्या दिवशी माझी हिंदी ऐकून सरांनी विचारलं, "साताऱ्याच्या का हो तुम्ही?" मी चाचरत "जी" म्हटलं. "मग मराठीत घाबरा की! हिंदीत कशाला त्रास घेता?" तेव्हापासून मी त्यांची वहिनी झाले.

सरांचा संसार म्हणजे एक पांढरी पूड, घराच्या रंगात घालतात ती टायटॅनियमची. निळ्या पाण्यात ही पूड टाकून वर खास अतिनील दिवा लावला, की उजेडाच्या जोरावर ती रंग खाऊन टाकते आणि पाण्याचा निळेपणा जातो. रंगाच्या कारखान्यांचं सांडपाणी असं साफ करता येईल, असं सर सांगत. त्यातच मायक्रोवेव्हच्या लहरी सोडल्या तर पूड आणखी जोमाने कामाला लागते का, हा त्यांचा जन्माचा प्रश्न. पण लहरी सोडल्या की पाणी तापतं, आणि तापलं की काम भराभर होतंच. मग कमाल लहरींची की नुसत्या उष्णतेची? म्हणून एक नळी लहरींच्या यंत्रात आणि दुसरी साध्या हीटरवर, दोन्हींवर तोच दिवा, दोन्हींना तेवढीच उष्णता. त्या दुसऱ्या नळीपायी सरांचे केस पिकले.

आणि हा प्रश्न प्रयोगशाळेत थांबेल तर शपथ. डब्यातली एक पोळी तव्यावर आणि एक मायक्रोवेव्हमध्ये गरम करून ते दोन्हींत थर्मामीटर खुपसायचे. सरोजिनी नगरहून निळा शर्ट आणला, एका बाहीला पूड फासून आठवडाभर गच्चीवर उन्हात ओला ठेवला. बाही फिकी पडली. तोच घालून मीटिंगला निघाले, तेव्हा त्यांची गाझियाबादची विद्यार्थिनी कपाळाला हात लावून म्हणाली, "सर, ये पहन के?" सर मला म्हणाले, "बघा वहिनी, आता हिला दुसरी बाहीसुद्धा बघायची नाही!" रिक्षावाल्याशी वाजलं तरी आल्या आल्या विचारायचे, "तो माझ्यामुळे तापला की उन्हामुळे?"

"दोन्हींमुळे असेल, सर."

"असेल? म्हणजे थंडीत पुन्हा त्याच्याच रिक्षात बसायला हवं."

सरांच्या निवृत्तीच्या वर्षी, पाडव्याच्या सुमाराला, निकाल आला. लहरींतल्या नळीतला निळा रंग पार गेला आणि हीटरवरची नळी निळीच राहिली. सोमवारी परिषदेत ते हे सांगणार होते. त्यांची ती शेवटची परिषद. सरांनी पेढे वाटले, मला दोन दिले. एक तोंडात टाकून मी त्या दोन नळ्या विसळायला घेतल्या, आणि एकीची कड बघून नळ बंद केला.

नळ्या दोन जातींच्या असत. क्वार्ट्झच्या नळीतून त्या दिव्याचा उजेड आरपार जातो, साधी काच तो अडवते. दिसायला दोन्ही जुळ्या, म्हणून प्रयोगाच्या क्वार्ट्झ नळ्यांच्या गळ्यात सर लाल दोरा बांधत. पाडव्याच्या साफसफाईत मी ते मळके दोरे कापून टाकले होते, सगळ्या नळ्या लख्ख धुतल्या होत्या, आणि नवे दोरे बांधले होते. घाईत, अंदाजाने. आता खिडकीशी धरली तर हीटरवरच्या नळीची कड हिरवट दिसत होती. साध्या काचेची ही ओळख मला सरांनीच शिकवलेली. म्हणजे ती कमाल लहरींची नव्हतीच, माझ्या दोऱ्याची होती.

गप्प बसले असते तर कुणाला कळलं असतं? सांगितलं तर काम जाणार, मग मुलीला घेऊन गाव. ती नळी उचलली. तशीच गेले आणि रडत रडत सगळं सांगितलं.

सरांनी ती नळी खिडकीशी धरून कड पाहिली. मग म्हणाले, "दोन्ही एकाच साबणाने धुतल्या होत्या ना?"

"हो, सर."

"बरं. चला, पुन्हा लावू."

या वेळी दोन्ही नळ्या क्वार्ट्झच्या होत्या. तो मोठा फरक विरून गेला. उरला तो इतका बारीक, की सर आकडे पुन्हा पुन्हा चष्मा पुसून बघत होते. परिषदेत त्यांनी तेवढाच सांगितला. "निकाल मागे घेतला, आता पेढेही परत करा," असं म्हणत माझा उरलेला पेढा मागितला आणि अर्धा मोडून मलाच दिला. वहीत मात्र लिहिलं होतं, 'नळी बदलली गेली होती. सहकारी वहिनींनी वेळेत सांगितलं.' सहकारी हा शब्द मी तीनदा वाचला.

सर निवृत्त होऊन नागपूरला गेले. आता नळ्यांवर खूण कोरलेलीच येते, तरी मी लाल दोरा बांधते. नवी मुलं विचारतात, "आंटी, ये किसलिए?" मी म्हणते, "रहने दो." हल्ली मी तिथे कुणाला घाबरत नाही. काही फुटलं, काही चुकलं, तर आधी जाऊन सांगते. हे वयाने आलं, दिल्लीने शिकवलं, की सरांमुळे झालं? परवा फोनवर मी त्यांनाच विचारलं.

"असं बिल्कुल सांगता येणार नाही, वहिनी," सर म्हणाले. "दुसरी नळी कुठाय?"

खरंच की. सर कधी भेटलेच नाहीत अशी दुसरी मी, आता कुठून आणू?