मी आईचा कॉम्प्युटर बदलला तेव्हा

माझ्या आईने तीस वर्षं कचेरीसमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून लोकांचे अर्ज टाइप केले. आधी मराठी टाइपरायटरवर, नंतर कॉम्प्युटरवर. त्या ओळीत आठ-नऊ टाइपिस्ट होते आणि त्यात बाई ती एकटीच. गुडघे बोलायला लागले तेव्हा तिने शेड सोडली आणि तिथला कॉम्प्युटर रिक्षात मांडीवर धरून शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरी आणला. स्वयंपाकघराच्या खिडकीशी टेबल मांडलं. तेव्हापासून रोज सकाळी दहाला, कचेरीच्या वेळेला, ती इस्त्रीची साडी नेसून त्या टेबलाशी बसायची आणि दोन तास टाइप करायची. काय करतेस, असं मी कधी विचारलं नाही. हाताला सवय आहे, करत असेल काहीतरी, एवढंच मला वाटायचं.

मी स्वतः चिंचोळी एमआयडीसीत धागा बनवणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. धागा यंत्राला लावायचा, तुटेपर्यंत ताणायचा, आकडा लिहायचा, पुढचा धागा. त्यामुळे असेल किंवा मूळचाच स्वभाव असेल, मला कुठलीही गोष्ट आहे तशी राहू देता येत नाही. घरातलं कपाट मी वर्षातून तीनदा हलवते. आई म्हणते, तू जेवतानासुद्धा पाय हलवतेस.

गेल्या वर्षी आईच्या पडद्यावर एक सूचना यायला लागली. तिच्या विंडोजला आता सुरक्षेचे अपडेट मिळणार नाहीत, नवं विंडोज घ्या, आणि हे मशीन नव्या विंडोजला चालणार नाही. आई फुलीवर क्लिक करून ती बंद करायची आणि पुढे टाइप करायची. मला मात्र ती सूचना कामावरसुद्धा दिसायला लागली. घरात काहीतरी उघडं राहिलंय, असं दिवसभर वाटत राहायचं.

"आई, हे बदलायला पाहिजे."

"चालतंय की."

"चालतंय, पण सुरक्षित नाही."

"माझ्या कॉम्प्युटरात कुणाला काय सापडणार? अर्जच की सगळे."

मी ऐकलं नाही. नवी पेठेतल्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेले. चाळिशीचा माणूस, घरी तेलुगू बोलणारा, आमच्याशी सोलापुरी मराठी. त्याने मशीनचं वर्ष विचारलं आणि मान हलवली. "ताई, नवं ह्याला बसत न्हाय. बसवलं तरी लई रडवंल. राहू द्या जुनं. इंटरनेट काढा आणि वापरा."

एवढा सरळ सल्ला मला पटणं शक्यच नव्हतं. मी कंपनीच्या बसमध्ये वही काढून तक्ता आखला. विंडोज, मॅक, लिनक्स असे तीन उभे रकाने. डाव्या बाजूला आडवे: जुन्या मशीनवर चालतं का, व्हायरसची भीती, मराठी, छपाई, शिकायला किती दिवस. जाता-येता मोबाईलवर व्हिडिओ बघायचे आणि गुण द्यायचे. बघावं तितकं मत बदलायचं. सकाळी लिनक्स पुढे, संध्याकाळी विंडोज. पानं खोडून खोडून फाटायला आली. त्या तक्त्यात आई रोज काय करते, हा रकानाच नव्हता. तेव्हा ते माझ्या लक्षातही आलं नाही.

माझा धाकटा भाऊ पुण्याला असतो. त्याच्याकडे मॅक आहे. दिवाळीला आला तेव्हा त्याने तो आईसमोर उघडून ठेवला. "आई, हा बघ. जुना झाला की तुलाच देणार. दहा वर्षं बघायला नको."

आईने पदराला हात पुसले आणि बसली. पडद्यावरची खिडकी बंद करायची फुली तिला सापडेना. ती उजव्या कोपऱ्यात बघत होती आणि ती होती डावीकडे. मग तिने मराठी टाइप करायला घेतलं. बोटं नेहमीसारखी पळाली आणि पडद्यावर भलतंच उमटलं. तिने हात उचलले, पुन्हा ठेवले. पुन्हा तेच.

"ह्याच्यात अक्षरं दुसरीकडे ठेवलीत," ती म्हणाली.

"शिकशील आठवड्यात," भाऊ म्हणाला.

"व्हय, शिकेन की," असं म्हणून ती कानवले तळायला उठली. मॅक तसाच उघडा राहिला. मी मात्र मनातल्या मनात मॅकच्या रकान्यावर काट मारली आणि लिनक्सला पुढे केलं. जुन्या मशीनवर चालतं, फुकट आहे, अपडेट येत राहतात. तक्ता पूर्ण झाला एकदाचा. तो पूर्ण झाल्याचं इतकं हलकं वाटलं की मला थांबवेना.

भाऊ गेल्यावरच्या रविवारी आई भाचीच्या घरी बारशाला गेली होती. मी टेबलाशी बसले. डॉक्युमेंट्स नावाच्या फोल्डरमध्ये जे होतं ते सगळं पेन ड्राइव्हवर घेतलं: लाइटबिलांच्या पावत्या, नातवंडांचे फोटो, भावाचा जुना बायोडेटा. डेस्कटॉपवरचंही घेतलं. दोनदा मोजून पाहिलं. मग लिनक्सची पेन ड्राइव्ह लावली. पडद्यावर प्रश्न आला, डिस्क पूर्ण पुसून बसवू का? मी होय म्हटलं. वीस-पंचवीस मिनिटांत नवा पडदा आला, निळसर, स्वच्छ, एकही सूचना नसलेला. मी आईचा फोटो मागे लावला, अक्षरं मोठी केली, छपाई करून पाहिली. सगळं चालत होतं. मला त्या दिवशी स्वतःचा अभिमान वाटला होता, हे लिहायला आता जड जातं.

आई चारला परत आली. ओटीतला नारळ फळीवर ठेवून खुर्चीत बसली. माउस इकडेतिकडे फिरवला.

"माझं कुठं आहे?" तिने विचारलं.

"काय?"

"मी टाइप करत होते ते."

मी डॉक्युमेंट्स उघडून दाखवलं. तिने मान हलवली. "तिथं मी कधीच ठेवलं नाही. मराठी फॉन्ट बसवून देणाऱ्या माणसाचं फोल्डर होतं की, सी ड्राइव्हमध्ये. शेडमध्ये त्यानंच शिकवलं होतं, इथं ठेवा म्हणजे हरवत नाही."

मी उगीचच माउस हलवत राहिले, इकडे उघड, तिकडे उघड.

"किती होतं?" मी विचारलं.

"चाळीस-बेचाळीस असतील."

"काय होतं त्यात?"

तिने बांगड्या मागे सारल्या, चष्मा काढला. मग म्हणाली, "अर्जात फक्त विषय, विनंती आणि सही मावते. माणसं तर तासतास बोलायची माझ्याजवळ. ते आठवंल तसं लिहीत होते. एका माणसाची एक फाइल."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने उठून कुकर लावला. दुसऱ्या दिवशी दहा वाजता इस्त्रीची साडी नेसली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. टेबलावर तिने कोथिंबीर निवडायला घेतली. मी कामावर धागे ताणत होते आणि आकडे चुकत होते. साहेबांनी दोनदा विचारलं, बरं नाही का? मी जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या फाटकापर्यंत जायची आणि परत यायची, पुन्हा जायची.

चौथ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी कॉम्प्युटर त्याच दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं. राहू द्या म्हटलं होतं की, असं तो म्हणू शकला असता. म्हणाला नाही. फक्त विचारलं, "त्यानंतर किती वापरला?"

"जवळजवळ नाहीच."

"मग बघतो. वरून दुसरं लिहिलंय ते गेलं. खाली राहिलं असंल ते काढू. पण शब्द देत न्हाय."

आठ दिवस लागले. मी रोज त्याच्या दुकानावरून जायची. कंपनीची बस तिकडून जात नाही, म्हणून आधीच्या चौकात उतरायची आणि चालत जायची. तो लांबूनच हात हलवायचा: अजून नाही. नवव्या दिवशी त्याने पेन ड्राइव्ह हातात ठेवली. "अकरा मिळाल्या. नावं गेलीत. आणि ताई, आत सगळं इंग्रजी कचरा दिसतोय. बिघडल्यात बहुतेक."

घरी आल्या आल्या मी आपल्या लॅपटॉपवर एक फाइल उघडली. खरंच कचरा होता. व्ही, टी, मोठा झेड, मधेच स्वल्पविराम, मधेच डोक्यावर गोळा घेतलेला ए. कुठल्याच भाषेतलं नव्हतं ते. दुसरी उघडली, तसंच. भावाला पाठवली. त्याने मॅकवर उघडून कळवलं, ताई, इथेही तेच. मला आईला सांगायचं नव्हतं. अकरा फाइली मिळाल्या आणि त्याही मेल्या, हे कसं सांगणार? मी दोन दिवस पेन ड्राइव्ह पर्समध्ये घेऊन फिरले.

रविवारी सकाळी मी पुन्हा ती फाइल उघडून बसले होते, काही करता येईल का बघत. आई चहा घेऊन मागे येऊन उभी राहिल्याचं कळलं नाही.

"काय आहे हे?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "तुझ्या फाइलींतल्या अकरा मिळाल्या. पण बिघडल्यात आई. हे बघ, नुसता कचरा."

तिने कप खाली ठेवला, चष्मा लावला आणि माझ्या खांद्यावरून वाकली. तिची बोटं टेबलाच्या कडेवर हलायला लागली, हलकेच, जणू तिथे कळा आहेत.

"व्ही," ती म्हणाली. "व्ही म्हणजे अ. टी म्हणजे ज. शिफ्ट धरून झेड, हा रफार." ती थांबली. "अर्ज."

मी लॅपटॉप तिच्याकडे वळवला.

"पुढं सरकव की." मी पान वर सरकवलं. "टी म्हणजे ज, एस म्हणजे मात्रा, झालं जे. मग हा गोळ्याचा ए, हा ऊ, आल्ट धरून शून्य एक नऊ सात. हा कळांवर नसायचा, आकडे पाठ करावे लागायचे. आणि इंग्रजी जे म्हणजे र." तिने बोट काचेवर टेकवलं. "जेऊर. अगं, ही जेऊरची बाई! बिघडलं कुठं? तो मराठी फॉन्ट नाही तुझ्याकडं, म्हणून आतली इंग्रजी अक्षरं उघडी पडलीत."

उभ्या उभ्याच ती वाचायला लागली. एकेक अक्षर बोटाने शोधून, कळ दाबल्यासारखं टेबल दाबून, मग शब्द. मी वहीचं कोरं पान काढलं आणि ती सांगेल ते लिहीत गेले. रेशनकार्डावर नाव चुकलेली एक बाई जेऊरहून रेल्वेने तीन वेळा आली होती. नाव दुरुस्त झाल्यावरही ती चौथ्यांदा आली, कारण आईने तिच्या नावाआधी श्रीमती टाइप केलं होतं आणि ते तिला पुन्हा एकदा वाचून दाखवायला पाहिजे होतं. तिला वाचता येत नव्हतं. आईने शेडमध्ये, रांग थांबवून, अख्खा अर्ज मोठ्याने वाचला होता.

एक पान वाचायला दीड तास लागला. चहा गार झाला, तिचे गुडघे अवघडले, तरी ती बसेना. मला मात्र, का कोण जाणे, पहिल्यांदाच एका जागी बसता आलं.

सोमवारी मी दुरुस्तीवाल्याला सांगितलं तेव्हा तो मोठ्याने हसला आणि स्वतःच्या कपाळावर हात मारला. "मावशी लई भारी हायत की!" संध्याकाळी त्याच्या ओळखीच्या एका छपाईवाल्याकडून तो जुना फॉन्ट मिळाला. मी म्हटलं, लिनक्सवरच बसवा. त्याने कॉम्प्युटर घरी आणून फॉन्ट बसवून दाखवला, अकराही फाइली मराठीत उघडल्या. पण आईला टाइप करायला दिलं तेव्हा ऊ अडला. तो आल्ट आणि आकड्यांनी उमटेना. तिने एकदा, दोनदा करून पाहिलं आणि माझ्याकडे बघितलं. मग मीच त्याला म्हटलं, तुम्ही पहिल्या दिवशी म्हणाला होता तसं करा. जुनं विंडोज परत घाला आणि इंटरनेट काढून टाका.

आता आमच्या घरात तिन्ही आहेत. आईचं जुनं विंडोज, इंटरनेटची तार नसलेलं, खिडकीशी. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स, ते मला खरंच आवडतं आणि माझं सगळं काम त्यात होतं. भाऊ येतो तेव्हा त्याचा मॅक सोफ्यावर असतो. कोणतं चांगलं असं कुणी विचारलं तर मी आधी विचारते, घरात बसतं कोण आणि करतं काय. उत्तर यायच्या आत मीच अस्वस्थ होऊन दहा गोष्टी सांगून टाकते, ती खोड गेलेली नाही.

गेलेल्या तीसेक फाइली परत आल्या नाहीत. आई त्या पुन्हा लिहितेय. पण त्याच येत नाहीत, असं ती म्हणते. अक्कलकोटकडून आलेल्या एका म्हाताऱ्याला नुसती कन्नड येत होती आणि त्याच्यासाठी ती शेजारच्या टाइपिस्टकडून 'हेसरु येनु', म्हणजे नाव काय, एवढं विचारायला शिकली होती. पुसल्या गेलेल्या फाइलीत तिने त्याचा अर्ज जमिनीच्या वाटणीचा लिहिला होता. आता तिला वाटतं, तो मुलाचा पत्ता शोधायला आला होता. खरं कोणतं, हे तिला ठरवता येत नाही. परवा ती दोन तास बसून त्याच एका ओळीवर अडकली आणि वैतागून उठली.

"तू पुसलं नसतंस तर मला कळलं असतं," ती म्हणाली. ह्याबद्दल हे एवढंच ती मला आजवर बोलली आहे.

मी दर रविवारी तिच्या फोल्डरच्या दोन प्रती काढते, एक माझ्याकडे, एक भावाकडे. काल मोजल्या तर परत मिळालेल्या अकरा धरून सत्तावीस झाल्या होत्या. अठ्ठाविसावी ती आता लिहितेय, आणि आतून कळांचा आवाज येतोय, मधे थांबतोय, पुन्हा येतोय.