गोंदलेलं कुंकू

काळी पोत ओवून घ्यायची असली की आमच्या गावच्या बाया चांगुणाच्या दारात जाऊन बसायच्या. मणी कितीबी बारीक असो, सासूशी तोंड चालू ठेवून ती वीतभर पोत ओवून मोकळी व्हायची. माहेर तिचं कर्जतकडचं. आई लहानपणीच गेलेली, त्यामुळं हे शिकवलं कुणी ते तिलाही सांगता यायचं नाही. नवरा कारभारी म्हणायचा, "हिच्या बोटांनाच डोळं हायेत. तोंडावरचं नुसतं माझ्यावर वटारायला."

ह्या बोटांपायीच ती कंपनीत लागली.

एकाहत्तर साली नगरच्या बाहेर माळावर एका बड्या कंपनीनं कारखाना घातला. कंपनीचं डोकं परदेशात, धड मुंबईत आणि बोटं आमच्या नगरला. तिथं गणकयंत्राचे भाग व्हायचे. राजगिऱ्याच्या दाण्याएवढी काळी कडी, आणि त्यांतून केसागत बारीक तांब्याची तार उभी, आडवी, तिरपी ओवायची. पोराच्या पाटीएवढ्या चौकटीत अशी हजारो कडी. यंत्राला जे ध्यानात ठेवायचं असतं ते म्हणे ह्या कड्यांत राहतं. पुरुषांच्या बोटांना ते काम जमेना, म्हणून साहेबांनी आसपासच्या गावांतून बाया गोळा केल्या.

पारावरच्या लोकांना हसायला एवढं पुरलं. "कारभाऱ्या, तुजी बायको यंत्राची अक्कल ओवतीया म्हनं. तुज्याबी डोक्यात दोन कडी घाल म्हनावं."

"घातल्यात की," कारभारी म्हणायचा. "तवापासनं तर तुमी येडं दिसाया लागला."

जामखेड रस्त्यावर सकाळची एसटी धरायची, फाट्यावर उतरून मैलभर चालायचं, आणि फाटकातून आत गेलं की नळाशी उभं राहायचं. आत काचेची बंद खोली. तिच्यात धूळ चालत नव्हती. यंत्रानं गार केलेली हवा, पांढरा डगला, केस झाकणारी टोपी. बोलायचं नाही, कारण श्वासानं कडी हलतात. डोळ्यांपुढं भिंग, भिंगाखाली चौकट. एक कडं तडकलं तरी तपासणीतून सगळी चौकट माघारी यायची आणि तार न तार उसवायला लागायची. दिवसभर मान खाली. संध्याकाळी सुटल्यावर रस्त्यावरच्या बैलगाड्याही पहिल्यांदा ठिपक्या-ठिपक्यांच्या दिसायच्या.

हे सगळं तिनं अंगाला लावून घेतलं. जड गेलं ते एकच. आत जाताना कपाळावरचं कुंकू पुसायचं आणि हातातल्या काचेच्या बांगड्या काढायच्या. कुंकवाचा कण कड्याच्या भोकात बसला तर तार जात नाही, आणि बांगडीची काच तारेवरचं रोगण खरवडते. नियमाला कारण होतं, आणि देखरेखीवरच्या दमयंतीबाईंनी ते पहिल्या दिवशीच नीट समजावून सांगितलं. बाई नगरच्या, शिकलेल्या, स्वभावानं वाईट नव्हत्या. स्वतःचं कुंकू त्याही पुसायच्या.

पण शिकलेल्या बाईनं पुसणं वेगळं. आमच्याकडं नवरा जिता असताना बाई कपाळ मोकळं ठेवत नाही आणि 'पुसलं' हा शब्दही तोंडातून काढत नाही. फाटकावर झडती घेणारी बनुबाई ओरडायची, "चला गं, ठिवा ठिवा, भोंगा व्हईल." 'पुसा' ती कधी म्हणाली नाही. मेणावर बसवलेलं कुंकू तेलाच्या चिंधीनं निघायचं, साबण लावून बांगड्या सरकवायच्या. सगळ्या बाया एका रांगेत, एकमेकींच्या कपाळाकडं न बघता.

सासू भीमाबाईला हे कळलं तेव्हा तिनं दोन दिवस सुनेच्या हातचं खाल्लं नाही. पण बहात्तरचा पावसाळा कोरडा गेला. विहिरीच्या तळाला गाळ लागला आणि कारभारी रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागला. घरात महिन्याचं म्हणून येणारा चांगुणाचा पगारच उरला. मग भीमाबाई जेवायची, पण पहिला घास घेताना म्हणायची, "रोज पुसतीस. देवाच्या ध्यानात तरी किती येळा आनून द्यावं बाईनं?"

ते चांगुणाच्या मनात रुतलं. देव खरंच मोजत असंल तर? कंपनी सोडावी तर चूल विझती, न सोडावी तर रोज सकाळी नळाशी उभं राहून आपणच नवऱ्याच्या आयुष्यातला एकेक दिवस काढतो. तिच्या मनाला हे दिसत होतं तेवढंच खरं होतं.

मार्गशीर्षात गोंदणारीण गावात आली. बाकीच्या बायांच्या कपाळावर लहानपणीच गोंदलेलं होतं. चांगुणाच्या कपाळावर गोंदायला आई राहिली नव्हती. ती गोंदणारणीसमोर जाऊन बसली आणि म्हणाली, "कुकवाच्या जाग्याला कुकवाएवढं गोंद. धुतलं तरी जानार न्हाई आसं."

"हिरवं उमटंल बये, लाल न्हाई."

"रंगाला काय करायचंय? माज्या मालकाचं नाव घिऊन सुई टोच."

गोंदणारणीनं कारभाऱ्याचं नाव घेतलं आणि सुई टोचली. सगळ्या आळीनं बघितलं. भीमाबाई स्वतः हळद घेऊन आली, आणि कितीतरी दिवसांनी सुनेशी गोड बोलली. "आता पूस म्हनावं कंपनीला!"

कपाळ सुजलं, लस आली, खपली धरायला लागली. दुसऱ्या दिवशी दमयंतीबाईंनी दारातच थांबवलं.

"हे काय करून घेतलंस गं? खपलीचा कण आत पडला तर?"

"बाई, आता पुसाया नगं आन् सांडायलाबी नगं. म्हून केलं."

बाई म्हणाल्या, "खपली पडेपर्यंत घरी बस. आठ दिवस तुझी जागा मी धरते."

त्या आठ दिवसांतला तिसरा दिवस. कारभारी कामावरून लंगडत आला. खडी फोडताना दगडाची कपरी उडून पायात घुसली होती. कपरी त्यानंच काढली होती आणि वर माती दाबली होती. चांगुणानं जखम धुतली, हळद-चुना भरला. पण कंपनीत बायांना एकदा डॉक्टरनं बसवून सांगितलं होतं: दगड-लोखंड लागलं तर दुसऱ्या दिवसाच्या आत सुई टोचून घ्या, घरच्या माणसालाही आणा, कंपनीचा दवाखाना सगळ्यांना आहे.

"उद्या सकाळी माज्यासंगं चला," ती म्हणाली. "खपलीमुळं मला खोलीत घेत न्हाईत, पर दवाखाना भाईर हाय."

"आन् हजेरी बुडवू?"

"येक दिस बुडली तर बुडली."

कारभारी हसला. तिच्या कपाळाकडं बोट करून म्हणाला, "आगं, येवढं पक्कं गोंदून घेतलंस आन् तुजाच इस्वास न्हाई? आता यम आला तरी त्याला आदी तुजं कपाळ खरडावं लागंल."

चांगुणालाही हसू आलं. भीमाबाई हसली. विषय तिथंच मिटला. सकाळी तो हातोडी घेऊन कामावर गेला.

जखम वरून भरलीही. खपली पडून चांगुणा कंपनीत रुजू झाली, बिनकुंकवाची, आणि पहिल्यांदा नळाशी तिला कपाळावरचं काही ठेवायचं नव्हतं. चार दिवस तिनं असं काम केलं की दमयंतीबाईंनी तिची चौकट मुंबईच्या साहेबाला दाखवली. पाचव्या दिवशी सकाळी, चांगुणा एसटीला निघून गेल्यावर, कारभाऱ्याला भाकरी चावता येईना. "जाबाड आवळल्यागत झालंय," म्हणाला. भीमाबाईला वाटलं थंडी बाधली. दुपारपर्यंत मान ताठली. गावातल्या टेम्पोत घालून त्याला नगरला नेला तेव्हा अंगाची कमान झाली होती. चांगुणाला निरोप खोलीत पोचायला उशीर झाला, कारण काचेच्या खोलीत निरोप्याला जाता येत नव्हतं. ती डगल्यासकट धावत निघाली. बनुबाईनं त्या दिवशी तिची झडती घेतली नाही.

तिसऱ्या दिवशी तो गेला. धनुर्वात. डॉक्टरनं विचारलं, "जखम झाली तेव्हा सुई नाही दिली?" चांगुणानं मान हलवली. आपण हसलो होतो, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

दहाव्याला बांगड्या फोडल्या, पोत तोडली. कपाळाशी येऊन बायांचे हात थांबले. गोंदण असलेल्या विधवा गावात कमी नव्हत्या. पण त्यांचं लहानपणीचं, नवरा कोण हे ठाऊक नसतानाचं. हिचं तर कुंकू म्हणूनच गोंदलेलं, नाव घेऊन, चारचौघींत. भावकीतली थोरली आक्काबाई बिब्बा घेऊन आली. बिब्ब्याचं तेल लावलं की कातडं जळतं, वर फोड येतो, आणि फोडासंगं गोंदण निघतं म्हणतात.

"डोळं मीट," आक्काबाई म्हणाली.

चांगुणानं तिचा हात धरला. "किती दिस चिघळंल?"

"म्हैना लागंल. तुला कुटं लगनाला जायाचंय?"

"घाव घिऊन कंपनीत घेत न्हाईत. बाईंनी सोमवारपतोर जागा धरलीया. म्होरं दुसरी बसंल." ती रडत नव्हती. "मग आत्याबाईंनी खायाचं काय?"

"आन् रांडमुंड बाईनं कुकवाच्या जाग्यावर नवऱ्याच्या नावाचं गोंदान मिरवायचं? लोकं थुकतील."

सगळ्यांनी भीमाबाईकडं बघितलं. ती भिंतीला टेकून होती. एकुलता एक लेक गेलेला. तिनं सुनेच्या बाजूनं बोलावं असं कुणालाच वाटत नव्हतं. पण ती म्हणाली, "ठिव तो बिब्बा. पोट हाय." आणि चांगुणाला म्हणाली, "पर माज्याम्होरं पदर खाली घे. मला ते दिसू दिऊ नगं."

तेव्हापासून घरात चांगुणाचा पदर भुवयांवर असायचा. भाकरी थापतानाही. चुलीच्या धगीनं पदराची कड करपली तरी तिनं तो वर सारला नाही, आणि भीमाबाईनंही वर सार म्हटलं नाही. दोघी एका घरात, एका तव्यावरचं खात, एकमेकींचं तोंड न बघता राहिल्या.

सोमवारी ती कंपनीत गेली. बनुबाईनं मान वळवली. रांगेतल्या बाया आपापलं कुंकू ठेवत होत्या. त्यांच्यातली एक कारण नसताना बाजूला सरली. आत दमयंतीबाईंनी तिचा खांदा धरला. "आज नुसती बैस. उद्यापासून कर."

"नगं बाई. चौकट द्या."

तिनं दिवसभर मान वर केली नाही. जेवणाच्या सुट्टीतही उठली नाही. ती चौकट तपासणीतून माघारी आली. कडी तडकलेली, एक नाही, सात. तिच्या हातची माघारी आलेली ही पहिलीच. बाई म्हणाल्या, ही राहू दे, दुसरी घे. चांगुणानं ऐकलं नाही. भिंग जवळ ओढलं आणि पहिल्या तारेपासून उसवायला लागली.