राघोकाकांची पहिली घागर

माझे राघोकाका पळपुटे नव्हते.

आज मी हे सगळ्यांना सांगणार. ज्यांना ऐकायचं नसेल त्यांनीपण ऐका.

मी चौथी शिकलेली. मोबाईलवर बोलते, तो लिहितो. चुकलं तर नात पूजा नीट करते.

राघोकाका म्हणजे माझ्या वडिलांचे मोठे भाऊ. मी त्यांना पाहिलंच नाही. महायुद्धाच्या वेळी बापाशी भांडून खान्देशातल्या आमच्या घरातून निघाले. फौजेच्या भरतीच्या रांगेत गावातल्या एकाने पाहिलं, एवढंच.

मग पत्र नाही, तार नाही.

लढाई संपली. शेजारच्या गावांचे शिपाई परत आले. काका नाही.

गाव बोलायला लागलं, "फौजेतून पळाला. आता कोणत्या तोंडाने येईल?"

भांडण झालं की वडिलांना कोणीपण म्हणायचं, "जा रे, पळपुट्याचा भाऊ!"

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही खान्देशी लोक गेलेल्यांच्या नावाने पाण्याची घागर भरतो. वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतो. (मी आता राहते त्या गुजराती मुलखात, आमलीच्या बाजारात भाजीवाला म्हणतो, "बा, सक्करटेटी लई जाव, मीठी छे." मीठी कसली, नुसती काकडी! असो.)

माझी आजी सगळ्यांच्या घागरी भरायची. राघोकाकांची नाही.

कोणी विषय काढला की अंगावर जायची. "जित्ता माणूसनी घागर भरतस का? मना राघो येई!"

वाट बघतच गेली.

मला भाऊ नाही, म्हणून वडिलांनंतर घागरी मीच भरते. काकांची मीपण नाही भरली. आजीचा धाक, ती गेल्यावरपण!

मागच्या महिन्यात पूजा म्हणाली, "आजी, लढाईत गेलेल्यांची नावं आता ऑनलाईन असतात. शोधू?"

चार रविवार शोधलं. आमचं गाव टाकलं, तालुका टाकला. काही नाही.

मी म्हटलं, "राहू दे गं. खरंच पळाले असतील."

बोलून गेले आणि जीभ चावली.

मग पोळ्या लाटताना सुचलं. बापाशी भांडून गेलेला पोरगा बापाचं गाव कशाला सांगेल?

"पूजा, आजोळ टाक! काकांच्या मामाचं गाव!"

सापडले.

बापाचं नाव तेच. आईचं नाव माझ्या आजीचं. गाव मामाचं.

खेचरांच्या पलटणीत होते. डोंगरात लढणाऱ्यांना खेचरांवरून रसद पोचवायचे. तिकडे इटलीतच कामी आले.

वय बावीस.

तार मामाच्या गावी गेली असेल. मामा तर तोवर गाव सोडून सुरतेला गेलेले. कोणाच्या हाती पडली, देव जाणे.

मी आमच्या टोकरखाड्याच्या आख्ख्या बिल्डिंगमध्ये पेढे वाटले. शेजारीण म्हणाली, "काकी, कोई पास हुआ क्या?"

म्हटलं, "हां. मेरे काका."

पण आज आखाजी, सकाळी काकांची घागर भरायला बसले आणि हात थांबला.

ही भरली म्हणजे राघो येणार नाही, हे आजीला मीच सांगितल्यासारखं होणार.



मग भरली. आजीच्या घागरीला अगदी टेकवून ठेवली.

म्हटलं, "आजी, तुना राघो उना. आला बघ."

काका, तुम्ही बावीसचे, मी बहात्तरची. तरी पाया मीच पडते.

लांबून आलात. पाणी प्या.

तुमच्या पुतणीची मनापासून श्रद्धांजली.