बादलीला लाथ

कुणी साधं वाक्य बोललं की अडागाला नावाच्या मास्तरांच्या पोटात दुखायचं. नैरोबीपासून लांब, चावाकाली गावातल्या आमच्या शाळेत ते इंग्रजी शिकवत, मी गणित. निबंधात इंग्रजी वाक्प्रचार जेवढे जास्त, तेवढे गुण जास्त, हा आमच्याकडच्या परीक्षांचा रिवाजच. मास्तरांनी मात्र त्याचा धर्म केला होता. पाऊस आला की आभाळातून कुत्री-मांजरं पडलीच पाहिजेत. पोरगं हसलं की या कानापासून त्या कानापर्यंतच हसलं पाहिजे. इंग्रजांचा देश त्यांनी जन्मात पाहिला नव्हता, पण तिथली माणसं उठता-बसता असंच बोलतात याबद्दल त्यांना तिळभर शंका नव्हती.

माणूस मनाने वाईट नव्हता, असं गावात म्हणतात. म्हणोत बापडे.

कागेहा तेव्हा सातवीत होती. नुकतीच आई गेलेली. 'न विसरता येणारा दिवस' यावर तिने लिहिलं: आईला कळा सुरू झाल्या. बाबांनी तिला सायकलवर बसवलं. ऊन फार होतं. पुलापाशी ती बोलायची थांबली.

"हे काय लिहिलंयस? बाजारची यादी?" मास्तर शिक्षकांच्या खोलीतच तिच्यावर ओरडले.

"असंच झालं, मास्तर."

"कसं झालं ते कोण विचारतंय तुला? तपासणारा नैरोबीत बसतो. त्याला भाषा हवी, भाषा!"

आणि त्यांनी तिच्याकडून तो निबंध नव्याने लिहून घेतला. उन्हाच्या जागी कुत्र्या-मांजरांचा पाऊस आला, आणि शेवटी आईने बादलीला लाथ मारली.

"म्हणजे काय, मास्तर?" पोरीने भीत भीत विचारलं.

"म्हणजे मरणं. उंची इंग्रजी आहे ते."

पालकांच्या मेळाव्यात तो निबंध तिला वाचायला लावला. लाथेच्या वाक्याला मास्तरांनी हात वर करून सगळ्यांना टाळ्या वाजवायला सांगितलं. तिच्या बापाला इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं. त्याने सगळ्यांत जास्त वेळ वाजवल्या.

पुढे कागेहा नर्सिंग शिकायला शहरात गेली. एका सुट्टीत माझ्या स्वयंपाकघरात आली ती बसलीच नाही. वर्गात तिने तोच वाक्प्रचार वापरला होता. परदेशातून आलेल्या बाईंनी तिला बाजूला घेतलं आणि सांगितलं, अगं, हे थट्टेत म्हणतात. 'म्हातारी गचकली एकदाची' म्हणावं, तसं.

"माझी आई गचकली, बाई. सगळ्या गावासमोर, माझ्याच तोंडून."

मी मक्याच्या पिठाची उगाली घोटत होते, ती पळी खाली ठेवली. "जा, तोंडावर सांग त्यांच्या," मी म्हणाले.

"सांगणारच आहे."

पण त्याच आठवड्यात मास्तरांची बायको रोडा वारली. कागेहा सांत्वनाला गेली, तर मास्तरांनी तिचाच हात धरला. "पोरी, रोडावर चार शब्द तूच लिही. तुझ्या आईवर किती सुंदर लिहिलं होतंस!" रडणाऱ्या म्हाताऱ्याला काय सांगणार? तिने साधं लिहून दिलं: रोडाबाई चहात साखर जास्त घालत, कुणाला उपाशी पाठवत नसत, शेवटी नवऱ्याचं नाव घेऊन गेल्या.

अंत्यविधीला मास्तर माईकसमोर उभे राहिले. कागद वाचता वाचता अडखळले. खाली-वर पाहिलं. वाक्प्रचार एकही नव्हता. बायकोला असं उघडंबोडकं कसं पाठवायचं, असं त्यांना वाटलं असणार. त्यांनी चष्मा पुसला आणि छाती काढून, स्पष्ट इंग्रजी उच्चारात, ते वाक्य स्वतःच जोडलं: माझ्या रोडाने आज बादलीला लाथ मारली.

नैरोबीहून आलेली नातवंडं मागे उभी होती. एकाला हसू फुटलं. मग दुसऱ्याला. तोंडं दाबूनही आवाज पुढपर्यंत आला.

मास्तर माईक सोडून निघाले ते थेट कागेहाकडे आणि माझ्याकडे आले. "का हसली गं पोरं?"

आता कागेहाने लपवलं नाही. हळूच, पण नीट सांगितलं. "तो शब्द थट्टेचा आहे, मास्तर. माझ्या आईच्या वेळी तुम्ही त्यावर टाळ्या वाजवायला लावल्या होत्या."

  मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. पोरगी खोटं बोलतेय, एवढं मी म्हणावं असं त्यांना वाटत असावं.

मी मूठभर माती उचलली आणि रोडाच्या कबरीकडे निघून गेले.