चाचांचा हत्ती

खसाच्या अत्तराचा वास आला की मला मस्तगडातलं ते अत्तराचं दुकान आठवतं. निजामाचा अंमल होता. दुकानाच्या पायऱ्यांवर बुद्धिबळ चालायचं, आन् ज्याचा जेवढा खेळ तेवढी त्याची पायरी वरची. दुकानवाले चाचा सगळ्यात वर. कच्च्या गड्याशी खेळताना ते आपलाच एखादा मोहरा काढून ठेवायचे. मी बदनापूरहून बाजाराला आल्तो. माझ्यासाठी त्यांनी आपला हत्ती उचलला. म्या म्हणलं, "हत्ती ठेवा चाचा, बराबरीनं खेळू." "बेटा, बराबरीत हारलास तर एक पायरी खाली बसावं लागंल." "बसंन." हारलो. मंग दर बाजाराला हारत, उतरत उतरत पार चपलांपाशी आलो. लोक हसायचे, "याला काय जोडे राखायला ठेवलंय का?" पण चाचांना हत्ती काढू दिला न्हाई. एका बाजाराला मात्र त्यांचा चहा तसाच गार झाला, दिवे लागले, तवा कुठं मी हारलो. चाचा आपल्या चटईवर जरा सरकले आन् म्हणले, "वर ये. इथं बस." परवा माझ्याशी खेळताना नातीनं हळूच आपला हत्ती उचलला. म्या तो तिच्या मुठीतून सोडवून घेतला आन् जागेवर ठेवला.